पंधराव्या गुणसूत्राची साक्ष

एप्रिल २००८च्या पहिल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या संशोधनगटांचे निबंध एकदमच प्रसिद्ध झाले. एक गट फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा, दुसरा अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राचा आणि तिसरा आइसलँडच्या डीकोड जेनेटिक्स या कंपनीचा. तिघांनी हजारो माणसांचे डीएनए तपासले होते आणि तिघांचेही बोट एकाच जागी येऊन थांबले होते. पंधराव्या गुणसूत्रावरचा एक छोटा पट्टा. त्या पट्ट्यातला विशिष्ट बदल आईकडून किंवा वडिलांकडून मिळाला असेल, तर धूम्रपान करणाऱ्याला फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे तीस टक्क्यांनी वाढतो. दोघांकडूनही मिळाला असेल, तर ऐंशी टक्क्यांपर्यंत.

हा निष्कर्ष टिकला. पुढच्या अनेक अभ्यासांनी तो पुन्हा पुन्हा पडताळला. पण लोकांपर्यंत पोचले ते एवढेच, की कर्करोग ‘जनुकात असतो’. आपल्याकडे ‘रक्तातच असावं लागतं’ हे आधीपासून म्हटले जातेच. त्या म्हणण्याला जणू प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला. या समजुती तपासून पाहायला हव्यात, कारण त्यांच्या आधाराने कुणी विडी-सिगारेट चालू ठेवतो, तर कुणी आपल्या मुलाबाळांच्या नावाने उगाच धास्ती घेतो.

गैरसमज: आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विड्या ओढत होते, त्यांना काही झालं नाही. आमच्या घराण्याला धूर बाधत नाही.

असे आजोबा असतात, हे खरेच आहे. आयुष्यभर धूम्रपान करणाऱ्यांतल्याही बहुतेकांना फुप्फुसाचा कर्करोग होत नाही. दर शंभरांत साधारण दहा ते वीस जणांना होतो. उरलेले का वाचतात, हा प्रश्न वैज्ञानिकांनीही गंभीरपणे घेतला आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी श्वासनलिकेच्या एकेका पेशीचा डीएनए वाचून पाहिला. धूम्रपान जसजसे वाढते तसतशी पेशीतल्या बिघाडांची संख्या वाढते, हे अपेक्षितच होते. पण रोज एक पाकीट या हिशेबाने सुमारे तेवीस वर्षांनंतर ही वाढ थबकलेली दिसली. अतिशय जास्त ओढणाऱ्या काहींच्या पेशींत अंदाजापेक्षा कमी बिघाड होते. डीएनएची दुरुस्ती करणारी किंवा धुरातली विषे निकामी करणारी यंत्रणा अशा काही माणसांत अधिक तत्पर असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. अभ्यास छोटा होता, त्यामुळे तो तर्कच आहे.

आता त्या नव्वदीच्या आजोबांकडे अशी दुरुस्तीची देणगी होती असे मानू. नातवाला आजोबांच्या जनुकांतला सरासरी चौथा हिस्सा मिळतो. तो कोणता, हे कुणी निवडत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंधित म्हणून आजवर माहीत झालेल्या जागाच डझनाहून अधिक आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एकोणतीस हजारांवर रुग्णांच्या तपासणीतून, अशा अठरा जागा नोंदल्या गेल्या. त्या सगळ्या आजोबांच्याच वळणाने नातवात उतरतील, ही अपेक्षाच चूक आहे.

शिवाय तंबाखू फक्त फुप्फुसाच्या कर्करोगानेच मारते असे थोडेच आहे? ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा केलेला रिचर्ड डॉल यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सतत धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण शेवटी धूम्रपानानेच दगावले, आणि सरासरी दहा वर्षे लवकर. त्यांत हृदयविकार होता, दमा वाढवत नेणारा फुप्फुसाचा जुनाट आजार होता, इतर कर्करोग होते. भारतात प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी अकरा लाख घरांच्या पाहणीतून २००८ मध्ये जे मांडले, त्यात तर क्षयरोग अग्रभागी होता. सिगारेट ओढणारे पुरुष सुमारे दहा वर्षे आणि विडी ओढणारे सहा वर्षे लवकर जात होते. विडी ओढणाऱ्या बायका आठ वर्षे लवकर. फुप्फुसाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या जनुकाला क्षय आणि हृदयविकार आवरता येतोच असे नाही. गावोगावी नव्वदीतले आजोबा बोट दाखवायला हयात असतात. पंचावन्नाव्या वर्षी गेलेले त्यांचे सोबती कट्ट्यावरच्या बोलण्यात उरत नाहीत.

गैरसमज: तपासणीत ‘चांगली’ जनुके निघाली, तर सिगारेटचा धोका फारसा नाही.

इथे थोडा हिशेब मांडू. ब्रिटनमध्ये रिचर्ड पीटो आणि सहकाऱ्यांनी २००० साली दिलेल्या आकड्यांनुसार, शेवटपर्यंत धूम्रपान करत राहिलेल्या पुरुषाला पंच्याहत्तरीपर्यंत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता सुमारे १६ टक्के होती. युरोपीय वंशाच्या निम्म्याहून अधिक लोकांकडे पंधराव्या गुणसूत्रावरच्या त्या बदलाची किमान एक प्रत असते. हे सोळा टक्के जनुकांनुसार वाटून पाहिले, तर ढोबळमानाने असे चित्र दिसते: बदल अजिबात नसलेल्याचा धोका १३ टक्के, एक प्रत असलेल्याचा १७ आणि दोन प्रती असलेल्याचा २३. कधीच धूम्रपान न केलेल्याचा धोका एक टक्क्याहूनही कमी.

म्हणजे ‘सुरक्षित’ जनुकांचा धूम्रपान करणारा न ओढणाऱ्याच्या जवळपासही येत नाही. तेरा आणि तेवीस यांतला फरक वारशाचा आहे, एक आणि तेरा यांतला फरक धुराचा. उलट, हा पंधराव्या गुणसूत्रावरचा बदल कधीच धूम्रपान न केलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवताना दिसत नाही. धूर नसेल तर त्याला काही करायलाच उरत नाही.

गैरसमज: मुळात जनुकच माणसाला व्यसनी बनवते आणि तेच कर्करोगही देते. सिगारेटवर उगाच खापर फोडले जाते.

हा विचार टपरीवरचा नाही. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या संख्याशास्त्रज्ञाचा आहे. रॉनल्ड फिशर यांनी १९५७-५८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल आणि नेचरमधून तो मांडला. डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला होता. फिशर यांचे म्हणणे असे, की दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे होत नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच अनुवंशिक घडण असू शकते. पुराव्यादाखल त्यांनी जुळ्यांचा दाखला दिला. एकसारख्या जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी वेगवेगळ्या जुळ्यांपेक्षा जास्त जुळतात. फिशर तेव्हा तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते, आणि स्वतः पाइप ओढत. पण तेवढ्यावरून त्यांचा मुद्दा निकालात काढणे बरे नव्हे. प्रश्न योग्यच होता, म्हणूनच त्याला उत्तरही नेटके मिळाले.

पहिले उत्तर १९५९ मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी म्हटले, धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग नऊपट होतो. हा सगळा फरक जर एखाद्या दडलेल्या जनुकामुळे असेल, तर ते जनुक धूम्रपान करणाऱ्यांत न करणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट जास्त आढळले पाहिजे. त्या काळी जनुके वाचण्याची सोय नव्हती, त्यामुळे गणित बरोबर असूनही ते पडताळता येत नव्हते.

ते पडताळले गेले २००८ मध्ये. फिशर ज्याची कल्पना करत होते ते जनुक खरोखर सापडले! पंधराव्या गुणसूत्रावरच्या त्या पट्ट्यात निकोटिनचे ग्राहक, म्हणजे मेंदूतल्या पेशींवर निकोटिन जिथे जाऊन बसते ती प्रथिने, घडवणारी जनुके आहेत. ओढण्याची सवय आणि कर्करोग, दोन्हींशी नाते सांगणारा पट्टा. आणि त्याचा प्रभाव किती? नऊपट नव्हे; एका प्रतीला तीस टक्के. धूम्रपान करणाऱ्यांत आणि न करणाऱ्यांत त्याचे प्रमाण जवळपास सारखेच, कारण तो बदल माणूस सिगारेट सुरू करेल की नाही हे फारसे ठरवत नाही. सुरू केल्यावर किती ओढेल, यावर त्याचा परिणाम होतो. फिशर यांच्या तर्काला हवे होते तसे जनुक मिळाले आणि त्याच जनुकाने त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली. विज्ञानाच्या इतिहासातले हे प्रकरण मला फार मोलाचे वाटते. पन्नास वर्षे उघड्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच प्रश्नाच्या भाषेत आले.

जुळ्यांचेही उत्तर मिळाले. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन या चार देशांतल्या एक लाखाहून अधिक जुळ्यांचा अभ्यास २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यातल्या एकसारख्या जुळ्यांच्या अशा जोड्या वेगळ्या काढल्या, ज्यांत एक जण धूम्रपान करत असे आणि दुसऱ्याने कधीच केले नव्हते. जनुके तंतोतंत तीच. तरीही ओढणाऱ्या भावंडाला फुप्फुसाचा कर्करोग होण्याचे प्रमाण पाचपटीहून अधिक निघाले.

गैरसमज: मी दिवसाला मोजून चारच ओढतो, त्यामुळे जनुके कशीही असली तरी चालेल.

पंधराव्या गुणसूत्रावरच्या त्या पट्ट्यातले एक जनुक, सीएचआरएनए-५, निकोटिनच्या ग्राहकाचा एक भाग बनवते. ३९८व्या जागी एक अमिनो आम्ल बदलले की तो ग्राहक निकोटिनला मंद प्रतिसाद देतो. मेंदूत हॅबेन्युला नावाचा छोटा भाग आहे. निकोटिन जास्त झाले की तिथून नकोसेपणाचा इशारा जातो. फ्लोरिडातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत २०११ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हे जनुकच काढून टाकले, तेव्हा उंदीर मोठ्या मात्रेतले निकोटिनही घेत राहिले. त्या भागात जनुक परत बसवल्यावर त्यांनी हात आखडता घेतला. नव्याने सिगारेट ओढू लागलेल्या मुलाला पहिल्या दिवसांत येणारी मळमळ, गरगरणे हा शरीराचा ‘पुरे’ असतो. ज्याच्याकडे तो बदल आहे, त्याचा ‘पुरे’ उशिरा आणि हलक्या आवाजात येतो.

एका प्रतीमुळे दिवसाला सरासरी एकच सिगारेट वाढते. एवढ्याने धोका तीस टक्क्यांनी कसा वाढेल, हा वाद सुरुवातीला तिन्ही गटांतही होता. उत्तर सिगारेटींच्या मोजणीत नव्हते. २०१२ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी सिगारेटी मोजण्याऐवजी रक्तातले कोटिनिन मोजले. निकोटिनचे शरीरात विघटन झाले की ते तयार होते. जनुकाचा संबंध कोटिनिनशी कितीतरी घट्ट निघाला, इतका, की कर्करोगातली बहुतेक वाढ त्यानेच उलगडते. सारख्याच चार सिगारेटी ओढणाऱ्या दोघांपैकी एक जण झुरका खोल घेतो, धूर जास्त वेळ कोंडून धरतो, थोटूक बोटाला चटका बसेपर्यंत संपवतो. धुराबरोबर फुप्फुसात बेन्झोपायरिन आणि नायट्रोसामाइनही तितकेच खोल जातात, आणि पेशींचा डीएनए बिघडवण्याचे काम निकोटिन नव्हे, ती रसायने करतात.

यकृतातले सीवायपी-२ए-६ नावाचे एन्झाइम याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवते. ते निकोटिनचे विघटन करते. काहींमध्ये ते जन्मतः मंद असते. जपानी लोकांत असे पुष्कळ आढळतात. त्यांच्या रक्तात निकोटिन जास्त वेळ टिकते, म्हणून पुढच्या सिगारेटची तलफ उशिरा येते, आणि त्यांना फुप्फुसाचा कर्करोगही काहीसा कमी होतो. दोन वेगवेगळे अवयव, दोन वेगवेगळी जनुके; रस्ता एकच, धुराच्या मात्रेचा.

विडीच्या बाबतीत तर ‘चारच’ हा आकडा आणखी फसवा आहे. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेल्या विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, पण झुरके थांबले की ती विझते. पेटती ठेवायची तर वारंवार आणि जोरात ओढावी लागते.

गैरसमज: रिपोर्टमध्ये जनुकात बदल आला आहे, म्हणजे मुलांनाही हा आजार होणार.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले की आता बायोप्सीच्या तुकड्यावर जनुकीय तपासणी करतात, आणि रिपोर्टमध्ये ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’ असे काही लिहून येते. घरातली माणसे ते वाचून हादरतात. आई किंवा वडील अंथरुणाला खिळलेले, त्यात मुलांच्या भवितव्याची ही नवी चिंता. ही चिंता जवळजवळ नेहमीच अनाठायी असते, आणि हे घरच्यांना रिपोर्ट हातात देतानाच सांगितले जायला हवे असे मला कळकळीने वाटते.

तो बदल गाठीतल्या पेशींत आहे. रुग्णाच्या हयातीत, फुप्फुसाच्या एखाद्या पेशीत तो घडला आणि तिच्या वंशजांत पसरला. रक्तपेशींत, बीजांडांत, शुक्रजंतूंत तो नसतो, त्यामुळे मुलांकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही. तपासणी करतात ती औषध निवडण्यासाठी: ईजीएफआरमध्ये बदल असेल तर गेफिटिनिब किंवा ऑसिमर्टिनिबसारख्या गोळ्या चालतात. हा बदल कधीच धूम्रपान न केलेल्या रुग्णांत जास्त सापडतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या एका पाहणीत फुप्फुसाच्या कर्करोगाचे निम्म्याच्या आसपास रुग्ण धूम्रपान न करणारे होते, त्यामुळे आपल्याकडच्या घरांत असा रिपोर्ट वारंवार येतो.

अपवाद आहेत, पण विरळ. ईजीएफआरचाच एक बदल क्वचित वारशाने उतरतो. ली-फ्रॉमेनी नावाच्या दुर्मीळ अवस्थेत टीपी-५३ हे जनुक जन्मतःच सदोष असते. बीआरसीए-२ जनुकातला एक दुर्मीळ बदल धूम्रपानाशी निगडित अशा एका प्रकारच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे अडीचपट करतो, असे २०१४ मध्ये दिसून आले. घरात अनेकांना, तेही कमी वयात, वेगवेगळे कर्करोग झाले असतील तर अनुवंशिक सल्लागाराला जरूर भेटावे. एकट्या वडिलांना साठीत झाला, आणि ते चाळीस वर्षे ओढत होते, तर आधी त्या चाळीस वर्षांकडे पाहावे. सख्ख्या नात्यात हा कर्करोग असल्यास धोका दीड ते दोनपट होतो हे खरे, पण त्यात जनुकांबरोबर त्याच घरातला धूर, त्याच वयात लागलेली तीच सवयही मोजली गेलेली असते.

गैरसमज: लाळेची जनुकीय टेस्ट करून आपला धोका कळला, की माणूस आपोआप शहाणा होतो.

असे होताना दिसत नाही. जनुकीय धोका सांगितल्याने वागणे बदलते का, हे तपासणाऱ्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. धूम्रपान सोडण्यावर परिणाम शून्याच्या आसपास. शिवाय लाळेच्या टेस्टमागची माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. पंधराव्या गुणसूत्रावरचा तो बदल चीन-जपानमध्ये अगदी विरळ आहे, आफ्रिकेतही. तिथेही धूम्रपान करणाऱ्यांना कर्करोग होतोच. या टेस्टवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गैरसमज: जनुकातच असेल, आणि इतकी वर्षे ओढली असेल, तर आता सोडून काय उपयोग?

सगळ्यांत जास्त नुकसान ही समजूत करते. पीटो यांच्याच आकड्यांत पंच्याहत्तरीपर्यंतचा धोका सोळा टक्के होता तो शेवटपर्यंत ओढणाऱ्यांचा. साठीत सोडणाऱ्यांचा दहा, पन्नाशीत सोडणाऱ्यांचा सहा, चाळिशीत तीन आणि तिशीत दोनहून कमी. आणि जनुकांचे काय? अमेरिकेतल्या ली-शिउन चेन आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून नेमका हाच प्रश्न विचारला. सीएचआरएनए-५चा धोक्याचा बदल असणाऱ्यांना सिगारेट सोडायला काही वर्षे उशीर होतो, आणि त्यांच्यात कर्करोगाचे निदानही काही वर्षे लवकर होते. पण सोडल्याचा फायदा दोन्ही गटांना सारखाच. धोका निम्म्यावर येतो, आणि ज्यांना कर्करोग होतो त्यांच्यातही तो सुमारे सात वर्षे उशिरा दिसतो.

हे कसे घडते, याचा एक धागा २०२० मध्ये इंग्लंडमध्ये मिळाला. धूम्रपान सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत जवळपास निर्दोष डीएनए असलेल्या पेशी सापडल्या, काहींत चाळीस टक्क्यांपर्यंत. अजूनही ओढणाऱ्यांच्या चौपट. धुराच्या माऱ्यातून वाचलेल्या या पेशी सोडल्यानंतर वाढून अस्तराची जागा पुन्हा भरू लागतात.

ज्याचा ‘पुरे’ म्हणणारा इशाराच जन्मतः मंद आहे, त्याने पाच वेळा सोडून पाच वेळा पुन्हा सुरू केली, तर त्याला ‘मनाचा कच्चा’ म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला मदतीची गरज इतरांहून जास्त आहे. निकोटिनची च्युइंगगम किंवा पट्टी, व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन ही औषधे यासाठीच आहेत. धोक्याचा बदल असणाऱ्यांना औषधांचा गुण जास्त येतो असे काही अभ्यासांत दिसले, सगळ्यांत नाही; पण त्यासाठी जनुके तपासत बसायची गरज नाही, कारण ज्याला सकाळी उठल्या उठल्या पहिली सिगारेट लागते, त्याची अडचण तपासणीशिवायही कळते. भारत सरकारच्या तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक सिगारेट-विडीच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. वडिलांसाठी, भावासाठी घरातल्या दुसऱ्या कुणी फोन लावून त्यांच्या शेजारी बसले, तरी चालते.